सारथ्याचे अवधान आणि कायदा



वाहन हाकणाऱ्याचे चित्त वाहनावर असावे, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यावर कोणी भाषण करावयास बसावे याचेच आपणांस नवल वाटेल. तथापि आज रस्त्याकडे घटकाभर पाहत उभे राहिले, तर एका हातात चाक आणि दुसऱ्या हाताने कानाशी धरलेला मोबाईल अशी मूर्ती दिसावयास फार वेळ लागत नाही. हा प्रकार कायद्याने बंद करावा काय, आणि बंद केल्याने तो बंद होईल काय, असा वाद घरोघरी ऐकू येतो. या वादात बहुधा एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की चालकाच्या लक्षाचा प्रश्न मोबाईलबरोबर जन्मास आला. वस्तुतः गेली दीडशेहून अधिक वर्षे आपला कायदा याच प्रश्नाशी झुंजत आहे. त्याने वेळोवेळी कोणते शब्द योजले व ते कोठे अपुरे पडले हे पाहिले, म्हणजे आजच्या वादाचे उत्तरही पुष्कळसे हाती येते. म्हणून आज तो इतिहास थोडक्यात आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम मोटारीपूर्वीचा काळ घेऊ. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही आज मुंबईची गजबजलेली उपनगरे. पण त्या काळी ती साष्टीतील शेतांची, बागांची आणि मिठागरांची गावे होती. पूर्वेकडून आग्रा रोड जाई, त्याच्या मुंबईतील भागास आज आपण लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतो. पश्चिमेकडून घोडबंदर रोड जाई, त्याचाच मोठा भाग आज स्वामी विवेकानंद मार्ग झाला आहे. या वाटांनी बैलगाड्या चालत. पहाटेच्या गारव्यात गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल वाट सोडीत नसत. समोर खड्डा आला किंवा आडवे माणूस आले की ते आपणहून थबकत. घोड्याचेही तसेच. म्हणजे एकाच वाहनात दोन-तीन जिवांचे अवधान जागे असे, आणि माणसाचे सुटले तर जनावराचे त्याला सावरून घेई. मोटारीच्या इतिहासाचा विचार करताना ही गोष्ट आपण सहसा विसरतो. मोटार आली तेव्हा वेग वाढला हे सर्वांस दिसले. पण वाहनातला दुसरा जागता जीव नाहीसा झाला, इकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

कायद्याची पहिली पायरी या जनावरांच्या वाहनांच्या काळातच पडली. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत २७९ वे कलम घालण्यात आले. सार्वजनिक रस्त्यावर अविचाराने किंवा हयगयीने वाहन हाकून कोणी माणसाच्या जिवास धोका होईल असे वर्तन केल्यास त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या होत्या. पुढे १८७० साली हयगयीमुळे मृत्यू घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा देणारे ३०४-अ हे कलम जोडण्यात आले. या कलमांतील ‘हयगय’ हा शब्द आपल्या न्यायकचेऱ्यांच्या मराठीत असा काही रुजला की आजही अपघाताच्या बातमीत तो आल्यावाचून राहत नाही.

या शब्दात मोठा गुण आहे, तसाच एक दोषही आहे. गुण असा की तो कारण विचारीत नाही. गाडीवान गप्पांत रंगला होता, चिलीम पेटवीत होता, की उगाच माडीकडे पाहत होता, याची चौकशी न करता तो सर्व प्रकारच्या बेसावधपणास एकाच जाळ्यात धरतो. दोष असा की धोका उत्पन्न झाला होता हे सिद्ध करावे लागते. अपघात घडलाच पाहिजे अशी अट कलमात नव्हती; पण व्यवहारात हयगय दृष्टीस पडे ती बहुधा कोणी जखमी होऊन रस्त्यात पडल्यावरच. मेलेल्याच्या वारसांस न्याय देण्यास तो शब्द उपयोगी होता, पण माणूस मरू नये एवढ्यापुरता तो उशिरा जागा होई.

याच सुमारास आपल्या प्रांतात दुसरे एक वाहन आले होते, आणि त्याने हा प्रश्न अगदी निराळ्या रीतीने सोडविला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास निघालेली पहिली आगगाडी आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या शिवारातूनच गेली. १९२५ साली कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली आणि १९२८ साली बोरिवलीपर्यंत. आता आगगाडीच्या चालकास दिशा द्यावी लागत नाही. रूळ ती देतात. तरीसुद्धा रेल्वेने त्याच्या मनावर एकट्यावर भिस्त ठेवली नाही. पुढे कोणी आहे की नाही हे सांगावयास सिग्नल उभे केले आणि गाडीच्या शेपटाशी गार्ड बसविला. विजेच्या गाडीत तर चालकाच्या हाताखाली अशी मूठ दिली की तिच्यावरील दाब सुटला तर गाडी आपोआप थांबावी. इंग्रजीत तिचे नावच ‘डेडमॅन हँडल’, म्हणजे मेलेल्या माणसाची मूठ, असे आहे. पुढे आपल्या उपनगरी मार्गांवर लाल सिग्नल ओलांडू पाहणाऱ्या गाडीस ब्रेक लावणारी यंत्रणाही बसली. रोज सकाळी लोकलने फोर्टात जाणाऱ्या आपल्यासारख्यांचा जीव अशा तीन-चार कुंपणांच्या आत सुरक्षित असतो.

ही कुंपणे असूनही एक चुकार मन काय अनर्थ करते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. १२ सप्टेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथे एक उपनगरी गाडी लाल सिग्नल ओलांडून समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली व २५ माणसे प्राणास मुकली. चालक कामावर असताना मोबाईलवरून संदेश पाठवीत होता, असे चौकशीत निष्पन्न झाले. गाडी आपोआप थांबविणारी यंत्रणा त्या मार्गावर नव्हती. जेथे रूळ वाट दाखवितात तेथे ही गत, तर जेथे वाट क्षणोक्षणी स्वतःच शोधावयाची त्या रस्त्यावर काय होईल, याचा विचार आपणच करावा.

आता रस्त्याकडे वळू. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची आली, आणि १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस सुरू झाली. ट्रामला रूळ होते. बसला ते राहिले नाहीत. घोडा गेला, रूळ गेले, आणि सारा भार चालकाच्या दोन डोळ्यांवर येऊन पडला. चालकाशी बोलू नये, ही बसमधील साधीशी सूचना आपण सर्वांनी वाचली आहे. तिच्यात खरे शहाणपण साठविलेले आहे, कारण ती चालकाला नसून प्रवाशाला आहे. चालकाचे लक्ष ही सर्वांच्या मालकीची ठेव आहे, आणि ती दुसऱ्यानेही उधळू नये, असा तिचा अर्थ होतो.

मोटारींसाठी अखिल हिंदुस्थानास लागू असा पहिला कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली आणि तिसरा, जो आज चालू आहे, तो १९८८ साली. या कायद्यांनी परवाना आणला, वेगाची मर्यादा आणली, दारू पिऊन वाहन हाकण्यास शिक्षा सांगितली. धोकादायक रीतीने वाहन हाकणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. पण धोकादायक कशास म्हणावे हे पुष्कळसे न्यायाधीशांच्या विवेकावर राहिले. मधल्या काळात लक्ष वेधणारी नवी नवी साधने मोटारीत येतच होती. मौज अशी की त्यांतील पहिले साधन म्हणजे रेडिओच! मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत मोटारींत रेडिओ बसू लागले आणि त्यांवर बंदी घालावी असे प्रस्ताव तेथे पुढे आले. ते प्रस्ताव मागे पडले, आणि रेडिओवाचून जग बुडाले असेही झाले नाही. मोबाईलवरील बंदीला विरोध करणारे हे उदाहरण आवर्जून देतात, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

रेडिओ बोलतो, पण उत्तर मागत नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष केले तर तो रागावत नाही. मोबाईल उत्तर मागतो. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी मोबाईलवरून पहिले संभाषण झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू हे दिल्लीस सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९७ साली, कॅनडातील टोरांटो येथील संशोधकांनी, ज्यांच्या गाडीस अपघात झाला होता अशा ६९९ मोबाईलधारक चालकांच्या नोंदी तपासून दाखविले की दूरध्वनीवर बोलत असता अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो. त्यांचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा होता. फोन हातात धरला काय, किंवा हात मोकळे ठेवून बोलले काय, धोक्यात फरक आढळला नाही. म्हणजे हात अडकणे हा या रोगाचा लहान भाग असून मन अडकणे हा मोठा भाग आहे.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्यात व फोनवर बोलण्यात तरी फरक काय, असे कोणी विचारील. फरक असा की शेजारचा माणूस तोच रस्ता पाहत असतो. पुढे गर्दी दिसली की तो आपणहून गप्प होतो. दूर कचेरीत किंवा स्वयंपाकघरात बसून बोलणाऱ्यास यातले काहीच दिसत नाही. अर्थात शेजारीही शल्यासारखा नसावा. महाभारतात कर्णाचा सारथी झालेल्या शल्याने रथ हाकता हाकता बोलून बोलून त्या वीराचा तेजोभंग केला, ही कथा आपण सर्व जाणतो. युद्धात व रस्त्यावर अवेळी बोलणे हे शस्त्रासारखेच लागते.

थोडे गणितही करू, कारण शाळामास्तराची ती सवय सुटत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. संदेश कोणाचा आला एवढेच पाहण्यास दोन सेकंद धरले, तर तेवढ्यात ती २८ मीटर गेली. खो-खोचे मैदान साधारण तेवढेच लांब असते. त्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळे मिटून धावावयास आपण कोणा मुलास सांगणार नाही, आणि मैदानात इतर मुले खेळत असता तर मुळीच नाही. शाळा सुटण्याच्या वेळी आपल्या उपनगरांतील रस्ते म्हणजे मुलांनी भरलेले मैदानच असते. मुंबईच्या रस्त्यांवर प्राण गमावणाऱ्यांत मोठा भरणा पायी चालणाऱ्यांचा व दुचाकीस्वारांचा असतो. पोलादाच्या कवचात बसलेल्याच्या बेसावधपणाची किंमत बहुधा कवच नसलेला देतो. म्हणून ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, हे म्हणणे टिकत नाही.

कायद्याची दुसरी पायरी येथून सुरू होते. हयगय या व्यापक शब्दावर न थांबता विशिष्ट कृत्याचे नाव घेऊन ते निषिद्ध करावे, असा विचार जगभर प्रबळ झाला. २००१ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने आणि १ डिसेंबर २००३ पासून ब्रिटनने हातातील फोन वापरीत वाहन चालविण्यास मनाई केली. आपल्याकडे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्तासुरक्षा समितीने राज्यांना बजावले की वाहन चालविताना मोबाईल वापरणाऱ्याचा परवाना निदान तीन महिने निलंबित करावा.

नाव घेऊन मनाई करण्याची आवश्यकता किती होती, हे २०१८ साली केरळात दिसून आले. तेथील उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की वाहन चालविताना मोबाईलवर बोलणे हा त्या राज्याच्या पोलीस कायद्याखाली, सार्वजनिक सुरक्षिततेस धोका पोचविल्याचा गुन्हा होतो काय. न्यायालयाने उत्तर दिले की केवळ बोलण्याने तो होत नाही. कायदेमंडळास तसे हवे असेल तर त्याने तसे लिहावे. म्हणजे १८६० सालचीच अडचण पुन्हा उभी राहिली. धोका दाखवा, मग शिक्षा मागा! त्यानंतर २०१९ साली संसदेने मोटार वाहन कायदा सुधारला. धोकादायक वाहन चालविण्याच्या १८४ व्या कलमात, वाहन चालविताना हातातील संपर्कसाधन वापरणे हे स्पष्ट शब्दांत घातले गेले. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्षपर्यंत कैद, अथवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा झाली. आता अपघाताची वाट पाहण्याचे कारण राहिले नाही.

तेव्हा, बंदी करावी काय, हा प्रश्न आपल्या देशापुरता निकालात निघाला आहे. राहिला प्रश्न तो बंदीच्या शब्दांचा आणि आपल्या आचरणाचा. विशिष्ट शब्दातही एक खोच असते. ब्रिटनच्या कायद्यात फोनवरून संपर्क साधण्यास मनाई होती. एका चालकाने चालत्या गाडीतून दुसऱ्याच्या अपघाताचे चित्रण केले. तेव्हा २०१९ साली तेथील उच्च न्यायालयाने सांगितले की चित्रण करणे म्हणजे संपर्क साधणे नव्हे, सबब या कलमाखाली तो दोषी ठरत नाही. ती पळवाट बुजविण्यास मार्च २०२२ उजाडावा लागला. व्यापक शब्द उशिरा जागा होतो, आणि नेमका शब्द अपुरा पडतो. कायद्याचा सारा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आलेला आहे.

आपल्याकडे याच दुसऱ्या टोकाचा अनुभव मार्च २०२५ मध्ये आला. दादरहून पुण्यास स्वारगेटला निघालेल्या एसटी महामंडळाच्या ई-शिवनेरी गाडीचा चालक, लोणावळ्याच्या परिसरात, गाडी चालविता चालविता मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण करून ते परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांजकडे पाठविले. चालक खासगी कंत्राटदाराकडील होता. त्यास कामावरून दूर करण्यात आले आणि कंत्राटदारास पाच हजार रुपये दंड झाला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण आपण विचार करावा: गाडीभर माणसे घेऊन जाणाऱ्या कंत्राटदारास झालेला दंड, एकटा मोटारवाला पहिल्या खेपेस पकडला गेला तर कायद्याने त्यास होऊ शकणाऱ्या कमाल दंडाएवढाच होता. शिवाय तो प्रवासी जागा नसता, तर कोणत्या पोलिसास हे कळले असते? ज्या यंत्राने लक्ष चोरले त्याच यंत्राने चोरी उघडकीस आणली, एवढेच यातले समाधान.

बंदीवरील आक्षेपांपैकी दोन विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की रिक्षावाले, टॅक्सीवाले आणि घरोघर माल पोचविणारी मुले यांचे पोट मोबाईलवर चालते. वाट व गिऱ्हाईक त्यांस त्यातूनच कळते. हे खरे आहे, आणि कायद्याने ते मानलेही आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमान्वये असे साधन केवळ वाट पाहण्यापुरते, आणि तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरण्यास मुभा आहे. या नियमातील एकाग्रता हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. १८६० च्या कायद्याने वर्तन पाहिले, २०१९ च्या सुधारणेने हात पाहिला, आणि येथे चालकाच्या मनाचे नाव नियमात आले. मात्र त्या मुलांच्या मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या आणि ती दुचाकीवर असताना फोन करणाऱ्या मालकांसही या नियमाची झळ लागली पाहिजे. आज सारा भार गरीब स्वारावर पडतो.

दुसरा आक्षेप असा की मोबाईलमुळे होणारे अपघात थोडेच असतात, मग एवढा गाजावाजा कशास? सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांतील मोबाईलच्या नावे मांडलेली शेकडा दोनच्या आसपास आहेत, आणि वेगाच्या नावे मांडलेली शेकडा सत्तरांहून अधिक. पण ही वर्गवारी कोण करतो? धडक झाल्यावर वेगाच्या खुणा रस्त्यावर व गाडीवर राहतात; लक्ष कोठे होते याची खूण राहत नाही, आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयास चालक पुढे येत नाही. दारू श्वासातून मोजणारे यंत्र निघाले. चुकार मन मोजणारे यंत्र निघालेले नाही. मोजता येत नाही म्हणून ते नाहीच, असे मानणे शहाणपणाचे होणार नाही.

तात्पर्य, बंदी योग्य आहे, आणि ती हातापुरती न ठेवता नजरेपर्यंत न्यावी, असे माझे मत आहे. चालत्या वाहनात हलती चित्रे दाखविणारा पडदा चालकाच्या दृष्टीच्या टापूत असूच नये, मग तो हातात असो वा समोर खोचलेला असो. सार्वजनिक वाहनांच्या कंत्राटदारांस दंड असा असावा की चालकाच्या हाती गाडी देण्यापूर्वी त्यांनी दोनदा विचार करावा. हात मोकळे ठेवून केलेल्या संभाषणास मात्र पोलीस आवर घालू शकेल असे मला वाटत नाही. बंद काचेआडचा माणूस गातो आहे की बोलतो आहे, हे चौकातून ओळखणार कोण? तेथे कायद्याची हद्द संपते आणि घराची सुरू होते.

प्रत्येक संभाषणास दोन टोके असतात, आणि त्यांतील एक टोक पुष्कळदा आपल्या घरात असते. चिरंजीव कचेरीतून निघाले काय, सूनबाई कोठवर आल्या, असे विचारावयास आपणच फोन करतो. पलीकडून चाकाचा आवाज आला तर, “गाडी चालवतोयस ना? मग पोचल्यावर बोलू,” असे म्हणून फोन खाली ठेवणे आपल्या हाती आहे. बसमधील ती जुनी सूचना प्रवाशाला होती, हे मी मघाशी सांगितले. आता मोबाईलमुळे आपण घरात बसूनही प्रत्येक गाडीत प्रवासी झालो आहोत, आणि ती सूचना आपणांसही लागू झाली आहे.